नेल गन घेताना आधी गेज बघा

इथे अमेरिकेत सुताराची मजुरी ऐकली की बेसबोर्ड आणि दाराभोवतीच्या पट्ट्या आपणच ठोकाव्यात असं वाटतं. हातोडीचे वळ लाकडावर उठतात, म्हणून नेल गन बरी. पण कोणती?

ब्रँडच्या आधी गेज बघा. आकडा मोठा, तितका खिळा बारीक. २३ गेज म्हणजे टाचणीच, फक्त नाजूक पट्ट्यांसाठी. १५ किंवा १६ गेज जाड, भारी बेसबोर्डला. घरात एकच ठेवायची तर मी १८ गेजची, दोन इंची खिळा घेणारी सांगेन. पट्टी आणि अर्धा इंच ड्रायवॉल ओलांडून तो आतल्या लाकडी खांबात पोचतो, आणि पट्टी सहसा चिरत नाही.

कॉम्प्रेसरवर चालणारी गन हलकी, पण नळी आणि आवाज सोबत येतो. बॅटरीवाली जड, पण सुटसुटीत. ड्रिलच्या बॅटऱ्या घरात असतील तर त्याच कंपनीची घ्या.

अडकलेला खिळा पाना-पेचकस न शोधता काढता आला पाहिजे. आणि ट्रिगर असा हवा, की गन लाकडावर टेकवून दर खिळ्याला तो नव्याने दाबावा लागेल. ट्रिगर दाबलेला असताना नुसतं टेकवताच खिळा सोडणारी गन नवख्याने घेऊच नये.

गाठीला लागून खिळा वळतो आणि बाजूने बाहेर येतो. तेव्हा डोळ्यांवर चष्मा, आणि पट्टी धरलेला हात लांबच!