जुन्नरचा कागद कुठे गेला?

इंग्रज 1947 ला गेले, मग आता त्यांच्या राज्याबद्दल कशाला बोलायचं, असं मुलं वर्गात आम्हा शिक्षकांना विचारतात. सवाल रास्त आहे. जवाब शोधायला लंडनला जायची गरज नाही, आपले जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके पुरेसे आहेत.

आडनाव राहिलं, हुनर गेला

आपल्यात कागदी किंवा कागझी आडनावाची घराणी आहेत. हे आडनाव म्हणजे त्यांचा धंदा. जुन्नरला मुसलमान कारागीर हाताने कागद बनवत. जुन्नरी कागद टिकाऊ म्हणून दफ्तरांत आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांत वापरला जाई. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही नावंही याच कामाची.

काम मेहनतीचं होतं. गोणपाट, रद्दी असा माल चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, कुटायचा, धुवायचा. लगदा हौदात कालवून चौकटीवर एकेक ताव उचलायचा. मग वाळवणं, खळ लावणं आणि गुळगुळीत दगडाने घोटणं. घरातले सगळे हात त्याला लागत.

धंदा का बसला?

"यंत्र आलं, हातकाम संपलं" हे अर्धंच उत्तर आहे. यंत्राने इंग्लंडमधल्या हातकागदवाल्यांचंही नुकसान केलं. पण तिथे गिरणी त्यांच्याच देशात उभी राहिली, मजुरी तिथेच राहिली.

इथे 1818 ला पेशवाई संपली आणि कागदाचं सर्वात मोठं गिऱ्हाईक, म्हणजे सरकार, परक्यांचं झालं. भारतमंत्री चार्ल्स वुड यांच्या काळात (1859 ते 1866) सरकारी कचेऱ्यांचा कागद ब्रिटनमधूनच घ्यायचा, असं धोरण आलं. तुरुंगांत कैद्यांकडून स्वस्तात कागद बनवून घेतला जाऊ लागला. 1863 ला बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, विलायती माल पुण्यात उतरू लागला. नाणेघाटाच्या जुन्या वाटेवरचं जुन्नर मात्र रेल्वेपासून लांबच राहिलं. कारागीर आळशी नव्हता, त्याचा बाजारच काढून घेतला गेला.

डोंगरातली गोष्ट

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या रानात, महादेव कोळी बांधवांवर वेगळ्या रीतीने तीच वेळ आली. 1878 च्या वन कायद्याने रान सरकारी झालं. जिथे पिढ्यान् पिढ्या लाकूडफाटा आणला, गुरं चारली, हिरडा गोळा केला, तिथेच माणूस गुन्हेगार ठरू लागला. पुढचा 1927 चा वन कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. अखेर 2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत सरकारने स्वतः लिहिलं की वनात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, आणि तो इंग्रजांच्या काळात तसाच स्वतंत्र भारतातही झाला. म्हणजे साहेब गेला तरी त्याचा कायदा आपण चालवत राहिलो.

आज आपलं काय?

सर्वात खोल परिणाम मनावर झाला. हाताने काम करणारा तो अडाणी आणि इंग्रजी बोलणारा तो हुशार, हा समज आपल्याही घरांत शिरला आहे. इंग्रजी जरूर शिकवावी, रोजगाराची ती गरज आहे. पण आजोबांचा हुनर मुलाला शरमेचा वाटला तर नुकसान आपलंच.

दुसरा परिणाम कागदपत्रांचा. जुन्या सनदा आणि इनामांची कागदपत्रं बऱ्याचदा मोडी किंवा फारसीत आहेत. मशिदी, दर्गे, कब्रस्तानाच्या जमिनीचा वाद निघाला की तीच पुरावा म्हणून लागतात, आणि घरात वाचणारं कुणी नसतं. म्हणून जुनं बाड रद्दीत देऊ नका. त्याचे फोटो काढून ठेवा, मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, एखाद्या मुलाला ती लिपी शिकवा. घरात कारागिरी जाणणारे बुजुर्ग असतील तर त्यांच्याकडून कामाची रीत, अवजारांची नावं आजच मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्यांच्यानंतर हे सांगणारं कुणी उरणार नाही.