रॉकफेलर: ३९ थेंबांचा हिशोब आणि ६ लाख डॉलरची अट



कॉस्टिंगचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, चार-आठ आणे वाचवून कुणी मोठं होतं का?" त्याचं उत्तर म्हणून आज जॉन डी. रॉकफेलरची गोष्ट बघू. तेलाच्या धंद्यातून तो अमेरिकेतला सगळ्यात श्रीमंत माणूस झाला. तेव्हा मोटारी नव्हत्या, तेल म्हणजे दिव्याचं रॉकेल. (आपला 'रॉकेल' हा शब्द मात्र त्याच्या नावावरून आलेला नाही बरं का, तो 'रॉक ऑइल'वरून आला!)

१. आधी वही, मग धंदा

जन्म १८३९, न्यूयॉर्क राज्यातलं रिचफर्ड गाव. वडील गावोगाव फिरून औषधं विकायचे, घर आईच्या काटकसरीवर चालायचं. सोळाव्या वर्षी पोरगा क्लीव्हलँड शहरात सहा आठवडे नोकरीसाठी वणवण फिरला. शेवटी २६ सप्टेंबर १८५५ ला एका अडत दुकानात हिशोबनिसाच्या हाताखाली काम मिळालं. पहिल्या तीन महिन्यांचे मिळून ५० डॉलर.

त्याच काळात त्याने स्वतःच्या खर्चाची वही सुरू केली. 'लेजर ए' हे तिचं नाव. आलेला-गेलेला प्रत्येक सेंट तिच्यात. दानधर्मसुद्धा तिच्यातच, अगदी पहिल्या पगारापासून.

१८५९ मध्ये त्याने भागीदारीत स्वतःची अडत सुरू केली. भांडवलाला १,००० डॉलर कमी पडले, ते वडिलांनी दिले, पण १० टक्के व्याजाने! घरचा पैसा फुकट नसतो, हे तो तिथेच शिकला.

२. ३८, ३९ की ४०?

१८६३ मध्ये त्याने रॉकेल शुद्ध करण्याच्या कारखान्यात पैसे घातले. १८६५ मध्ये भागीदारांशी पटेना, तेव्हा लिलावात ७२,५०० डॉलर मोजून धंदा स्वतःकडे घेतला. वय २५. १८७० मध्ये 'स्टँडर्ड ऑइल' कंपनी उभी राहिली.

आता लक्ष द्या. निर्यातीच्या रॉकेलच्या डब्याचं झाकण बंद करायला डाखेचे ४० थेंब लागायचे. त्याने विचारलं, ३८ मध्ये कधी करून बघितलंय का? बघितलं, तर काही डबे गळले. ३९ ला एकही गळला नाही. मग सगळीकडे ३९! एका थेंबाने पहिल्याच वर्षी २,५०० डॉलर वाचले.

पिंपांचंही तसंच. बाहेरून घेतलं तर अडीच डॉलरला एक. त्याने स्वतः बनवायला घेतली. ओलं लाकूड जंगलातच वाळवून आणलं, त्यामुळे वाहतुकीचं वजन घटलं. पिंप एका डॉलरच्या आत आलं.

तुमचं गणित करा. महिन्याला मसाल्याची ५,००० पाकिटं जात असतील आणि पाकिटामागे ४० पैसे वाचले, तर महिन्याला २,००० आणि वर्षाला २४,००० रुपये. पण ३८ वर गळती होते, हेही विसरू नका. दर्जा जिथे ढळतो, तिथे काटकसर थांबवायची.

३. हे मात्र उचलू नका

रोज ठरावीक माल देण्याची हमी देऊन त्याने रेल्वेकडून भाड्यात सूट मिळवली. इथपर्यंत ठीक, ट्रान्सपोर्टवाल्याशी आपणही घासाघीस करतो. पण १८७२ मध्ये रेल्वेशी एक गुप्त योजना ठरली. स्वतःच्या भाड्यात सूट तर हवीच, वर प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या भाड्यातलाही वाटा हवा! बोभाटा झाला आणि योजना बारगळली. पण त्या दोनेक महिन्यांच्या धाकात क्लीव्हलँडच्या २६ पैकी २२ कारखानदारांनी धंदा त्याला विकून टाकला होता.

पुढे देशातलं जवळपास ९० टक्के तेलशुद्धीकरण त्याच्या हाती आलं. तेलपट्ट्यातल्या एका छोट्या व्यावसायिकाची मुलगी, पत्रकार आयडा टार्बेल, हिने १९०२ पासून लेखमाला लिहून हे सगळं चव्हाट्यावर मांडलं. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे तुकडे करायला लावले आणि तिच्या ३४ कंपन्या झाल्या.

मित्रांनो, यशोगाथा वाचताना आपण स्वतःला रॉकफेलरच्या जागी बघतो. खरं तर आज आपण त्या २२ जणांच्या जागी आहोत. म्हणून एकच ट्रान्सपोर्ट, एकच मोठा गिऱ्हाईक, एकच ऑनलाइन साइट यावर सगळा धंदा टांगू नका.

४. दान, पण अटीवर

१८८९ मध्ये शिकागोत नवीन विद्यापीठ काढायचं ठरलं. रॉकफेलर म्हणाला, मी ६ लाख डॉलर देतो, पण बाकीचे ४ लाख इतरांनी १ जून १८९० पर्यंत जमवायचे. का? एकट्याच्या पैशावर उभी राहिलेली संस्था त्याच एकट्याकडे बघत बसते. शंभर जणांनी दिलं, तर शंभर जण तिची काळजी घेतात. रक्कम जमली आणि १ ऑक्टोबर १८९२ ला वर्ग सुरू झाले.

तरीही अंदाजपत्रकात तूट येतच राहिली आणि तो ती भरत राहिला. शेवटी १९१० मध्ये १ कोटी डॉलरची अखेरची देणगी देऊन त्याने हात काढून घेतला. एकूण दिले साधारण साडेतीन कोटी. विद्यापीठाला स्वतःचं नाव मात्र दिलं नाही. ते आजही शिकागो विद्यापीठच आहे. अटलांटातल्या कृष्णवर्णीय मुलींच्या ज्या शाळेला त्याने मदत केली, ती पुढे स्पेलमन कॉलेज झाली. स्पेलमन हे त्याच्या बायकोचं माहेरचं आडनाव.

मग दानाने २२ जणांचा हिशोब मिटला का? माझ्या मते नाही. पण त्यांच्यामुळे विद्यापीठाचं मोलही कमी होत नाही. कीर्दीत जमा आणि नावे दोन्ही लिहायचं असतं, तसंच माणसाचंही लिहावं.

या आठवड्याचं काम

१. आजपासून घरखर्चाची आणि धंद्याची वही वेगळी करा.
२. तुमच्या मालातला 'चाळिसावा थेंब' शोधा. आधी दहा नगांवर करून बघा, मगच सगळीकडे लावा.
३. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून एकूण विक्रीच्या किती टक्के येतात ते काढा. निम्म्याच्या वर असतील, तर दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागा.

तुमचा 'चाळिसावा थेंब' कोणता निघाला, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!