गल्ल्यामागचा सर्व्हर

खाली कापडाचे होलसेल दुकान आणि वर घर, ही नागपूरच्या गांधीबागेतली जुनी पद्धत अजून बऱ्याच इमारतींत टिकून आहे. अशा घरात दोन तऱ्हेचा डेटा साठत जातो: खाली टॅलीतले हिशेब, वर कुटुंबाचे फोटो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावेच लागतात. फोटोंचे म्हणाल, तर १ जून २०२१ पासून गुगलने फुकट साठवणीला १५ जीबीची मर्यादा घातली. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला आणि धडधाकट लॅपटॉप कपाटात जाऊन पडले. ते भंगारात काढू नका; त्यांतल्या एकाचा सर्व्हर करा. तुमच्या डेटाची जागा तिथेच आहे.

सर्व्हर म्हणजे चोवीस तास जागा राहून इतरांनी मागितलेली फाइल पुरवणारा संगणक, एवढेच. दहा वर्षांपूर्वीचा ६४ बिटी लॅपटॉप, ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क काढून बसवलेली एसएसडी इतक्यावर काम भागते. त्यावर डेबियन लिनक्स टाका. ते मोफत आहे. झाकण बंद केले तरी यंत्र झोपू नये, अशी सेटिंग आधी करून घ्या. सांबा हा १९९२ पासूनचा प्रोग्रॅम बसवला की दुकानातल्या विंडोजवर सर्व्हर साध्या फोल्डरसारखा दिसतो. फोनमधले फोटो आपोआप उतरवून चेहऱ्यांनुसार लावणारे इमिच हवे असेल, तर मात्र ८ जीबी रॅम असू द्या. टॅलीचा चालू डेटा आहे तिथेच ठेवावा आणि रोज रात्री त्याची तारीखवार प्रत सर्व्हरवर जावी, हे मला जास्त सुरक्षित वाटते. स्क्रीन बंद असलेला असा लॅपटॉप साधारण १० ते १५ वॅट खातो. १२ वॅट धरले, तर महिन्याला नऊ युनिटांच्या आत.

लाइन गेली की बॅटरीमुळे तो बंद पडत नाही; डेस्कटॉपला त्यासाठी वेगळा यूपीएस लागतो. पण या बॅटरीकडे दुर्लक्ष करू नका, हे मी पुनःपुन्हा सांगेन. लिथियमची बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते, कधी फुगते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बऱ्याच लॅपटॉपांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येते, ते करा. टचपॅड वर उचललेले दिसले किंवा तळ टेबलावर सपाट बसेना, तर यंत्र बंद करून बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या आणि अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. लॅपटॉप कापडाच्या गाठींवर कधीही ठेवू नका. कापडाचे तंतू पंख्यात अडकतात, हवा कोंडते आणि शेजारी सगळा जळाऊ माल. भिंतीवरचा लोखंडी, मोकळा रॅक चांगला.

बाहेरगावाहून फाइल पाहायची म्हणून सांबाचे किंवा इमिचचे पोर्ट राउटरवर थेट उघडू नका. रॅन्समवेअर पसरवणारे अशीच दारे शोधत असतात. वायरगार्डसारखा खासगी बोगदा वापरा. त्यातून फक्त तुमची ओळखलेली उपकरणेच आत येतात.

आणि सर्व्हर झाला म्हणजे बॅकअप झाला, असे नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि शहरातल्या कितीतरी तळमजल्यांवर पाणी शिरले. त्या पाण्यात मूळ डेटा आणि प्रत एकाच खोलीत असती, तर दोन्ही गेले असते. म्हणून एक बाहेरची डिस्क एन्क्रिप्ट करून दुसऱ्या वस्तीतल्या नातलगाकडे ठेवा, तिचा पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या. महिन्यातून एकदा ती आणून नवी प्रत भरा आणि परत पाठवण्याआधी तिच्यातले एखादे जुने बिल खरोखर उघडते का, ते पाहा.