पुसलेली पार्श्वभूमी

पंढरपूर तालुक्यातील करकंब हे बाजाराचे गाव. अशा गावांच्या चौकांत आज वाढदिवस, निवड आणि श्रद्धांजली यांचे फलक झळकत असतात. फलकावरील चेहऱ्यामागे त्या माणसाचे घर नसते की अंगण नसते. असते ती भडक रंगाची पट्टी किंवा उसने आभाळ. छायाचित्रातील माणूस तेवढा ठेवून भोवतालचे सारे पुसून टाकणे आता इतके सुलभ झाले आहे, की त्यात काही गमावले जाते याचेही भान उरलेले नाही.

ही क्रिया होते कशी, हे प्रथम पाहिले पाहिजे. संगणकावरील चित्र ठिपक्यांचे बनते आणि प्रत्येक ठिपक्याचे तांबडे, हिरवे व निळे मान नोंदलेले असते. नको असलेला भाग केवळ पांढरा केला, तर तेथे पांढरा रंग राहतोच आणि रंगीत फलकावर तो डागासारखा उठून दिसतो. ही अडचण दूर करण्यासाठी एड कॅटमल आणि अॅल्वी रे स्मिथ यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये चौथे मान योजले. त्यास ‘अल्फा’ म्हणतात. शून्य म्हणजे ठिपका पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. मधल्या आकड्यांमुळे केसांची किंवा पदराची कडा मऊ राहते. जेपीईजी प्रकारच्या फाइलीत हे मान साठवता येत नाही, पीएनजीत येते.

परंतु पारदर्शकता आणण्याचे मार्ग दोन आहेत आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. खोडरबराने पुसून फाइल साठवली, की पुसलेला भाग त्या फाइलीतून गेला असेच धरावे लागते. याउलट, ‘लेयर मास्क’ने तो भाग झाकला जातो, नष्ट होत नाही; मास्क काढताच तो पुन्हा दिसू लागतो. काम दोन्हींनी सारखेच साधते. पहिल्या मार्गात मात्र परतीची वाट उरत नाही.

पुसण्याचा मोह नवा नाही. मॉस्को-व्होल्गा कालव्यावर स्टालिनशेजारी उभा असलेला येझोव १९४० मध्ये मारला गेला आणि पुढे त्या छायाचित्रातूनही नाहीसा झाला. मूळ चित्र टिकले, म्हणूनच ती लबाडी उघडकीस आली. गावच्या फलकामागे असा दुष्ट हेतू नसतो, हे खरे. पण निष्काळजीपणानेही पुरावा तितकाच नष्ट होतो. काचेच्या आणि फिल्मच्या काळात छापील प्रत कापली, तरी निगेटिव्ह शाबूत राहत असे. आज मूळ फाइलीवरच नवी फाइल साठवली, तर मागे काहीच उरत नाही.

जुन्या पिढीतील अनेकांचे, विशेषतः स्त्रियांचे, एकट्याचे छायाचित्र क्वचितच आढळते. लग्नातील गर्दीत किंवा पंढरपूरच्या यात्रेत विठ्ठल-रुक्मिणीच्या पडद्यासमोर काढलेले एखादे चित्र, एवढीच त्यांची खूण. श्रद्धांजलीच्या फलकासाठी त्यातून आजीचा चेहरा वेगळा काढला जातो. शेजारच्या जावा, मांडीवरचे मूल आणि ज्याच्यासमोर ती हौसेने उभी राहिली तो पडदा, हे सारे शून्य मानाचे ठिपके ठरते. कुटुंबाचा इतिहास नेमका त्यातच असतो.

फलक लावू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. दंडक एवढाच असावा, की मूळ छायाचित्र स्कॅन करून ती फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवावी, पुढचे काम तिच्या प्रतीवर करावे आणि खोडरबराऐवजी मास्क वापरावा. मूळ कागदी प्रत त्याच दिवशी परत घ्यावी. मागील बाजूस नावे व साल लिहिलेले असल्यास तेही स्कॅन करावे. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांनी पुसण्याचे कौशल्य देताना ही शिस्तही द्यावी. माणूस पार्श्वभूमीतून वेगळा काढता येतो. पार्श्वभूमी गेल्यावर तो कोणाचा कोण, हे पुढच्या पिढीला सांगणारे मात्र कोणी राहत नाही.