स्टेड, विल्यम टॉमस
(५ जुलै १८४९ – १५ एप्रिल १९१२). इंग्रज राजकीय वृत्तपत्रकार, संपादक आणि वृत्तपत्रव्यवसायाचा मीमांसक. जन्म नॉर्थंबरलंड परगण्यातील एम्बल्टन येथे, एका काँग्रिगेशनल पंथीय धर्मोपदेशकाच्या घरी. न्यूकॅसलच्या एका व्यापारी पेढीत काही वर्षे काम केल्यावर १८७१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो डार्लिंग्टनच्या नॉर्दर्न एको या दैनिकाचा संपादक झाला. बल्गेरियातील तुर्की अत्याचारांविरुद्ध त्याने १८७६ मध्ये उठविलेल्या मोहिमेमुळे त्याचे नाव ग्लॅडस्टनपर्यंत पोहोचले. १८८० मध्ये तो लंडनच्या पॅल मॅल गॅझेट या सायंदैनिकात जॉन मॉर्लीचा साहाय्यक म्हणून आला व १८८३ मध्ये त्याचा संपादक झाला.

ठळक मथळे, चित्रे व मुलाखती यांना त्याने इंग्रजी दैनिकात मानाचे स्थान दिले. जानेवारी १८८४ मधील जनरल गॉर्डनच्या मुलाखतीने गॉर्डनला सूदानला धाडण्याच्या मागणीस जोर आला. पुढे सुमारे वर्षभराने गॉर्डन खार्टूम येथे मारला गेला. वृत्तपत्राच्या दडपणाखाली घेतलेल्या निर्णयाचे मोल कोणी द्यावयाचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. जुलै १८८५ मध्ये त्याने लंडनमधील अल्पवयीन मुलींच्या विक्रयावर लेखमाला लिहिली. हा व्यापार किती सुलभ आहे हे दाखविण्यासाठी त्याने मध्यस्थांकरवी एक तेरा वर्षांची मुलगी स्वतःच ‘विकत’ घेतली होती. लेखमालेने एकच खळबळ उडाली, पार्लमेंटमध्ये रखडलेले विधेयक संमत झाले व मुलींचे संमतिवय १३ वरून १६ वर गेले. मात्र मुलीच्या वडिलांची अनुमती घेतली नव्हती, या कारणावरून स्टेडला तीन महिन्यांचा कारावास झाला. त्याचा हेतू निर्मळ होता, यात संशय नाही. परंतु त्या मुलीला जे सोसावे लागले, त्याचा विचार त्याने पुरेसा केला होता असे म्हणवत नाही.

‘गव्हर्नमेंट बाय जर्नलिझम’ (१८८६) या निबंधात त्याने आपली भूमिका मांडली : पार्लमेंटचा सभासद काही वर्षांतून एकदा निवडून येतो, संपादकाला मात्र वाचक रोज पैसे मोजून नव्याने कौल देतो, म्हणून संपादक हाच लोकमताचा अधिक खरा प्रतिनिधी. खप म्हणजेच लोकमत, हे यातील गृहीत शंकास्पद आहे. या धाटणीला ‘नवी पत्रकारिता’ असे संबोधून मॅथ्यू आर्नल्डने १८८७ मध्ये तिच्या उथळपणावर टीका केली.

१८९० मध्ये स्टेडने रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज हे मासिक सुरू केले. नियतकालिकांतील निवडक लेखांचा सारांश हे त्याचे वैशिष्ट्य होते. परलोकविद्येच्या नादामुळे त्याच्या प्रतिष्ठेस उणेपणा आला. बोअर युद्धास त्याने निर्भयपणे विरोध केला आणि त्यापायी पूर्वीचा स्नेही सेसिल ऱ्होड्स याच्याशी त्याचे मतभेद झाले. शांतता परिषदेसाठी न्यूयॉर्कला जात असता टायटॅनिक जहाज बुडून त्याचा मृत्यू झाला. अपुऱ्या जीवनरक्षक नौकांमुळे अटलांटिकमध्ये टपालबोटीवरील उतारू बुडाल्याची कथा त्याने १८८६ मध्येच लिहिली होती.