व्ही. पी.ने मागवलेला गुण

1877 साली हिंदुस्थानच्या टपाल खात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केली. पत्र टाकायचे, पार्सल आले की पोस्टमनच्या हाती पैसे मोजायचे आणि ते सोडवून घ्यायचे. लोक तिला व्ही. पी. म्हणू लागले. पुस्तके, घड्याळे, कापड असे बरेच काही या वाटेने घरोघर गेले, पण ही सोय औषधांच्या धंद्याला विशेष मानवली. खेड्यातल्या रोग्याला मुंबईची पायरी चढावी लागेना आणि मुंबईच्या दुकानदाराला उधारी बुडायची धास्ती उरेना. फक्त औषधाचे नाव त्या रोग्यापर्यंत पोचायला हवे होते. ते वर्तमानपत्राने पोचवले.

त्या काळातल्या मराठी पत्रांच्या फायली चाळताना माझे लक्ष अग्रलेखाआधी या रकान्यांकडे जाते. औषधाच्या जाहिरातीची घडण ठरलेली असे. वर ठसठशीत नाव, खाली रोगांची लांबलचक यादी, मग बाटलीची किंमत आणि ‘टपालहशील निराळे’. त्यानंतर गुण आल्याची प्रशस्तिपत्रे, शक्यतो वजनदार हुद्द्याच्या माणसाची, कारण पत्र लिहिणारा वकील किंवा हेडमास्तर असला की वाचणाऱ्याचा भरवसा बसे. शेवटी नकली मालाबद्दल सावधगिरीची सूचना आणि गावोगावी एजंट पाहिजेत असे आवाहन. जागेचे पैसे मोजावे लागत, त्यामुळे एकही शब्द वाया जात नसे. मराठी गद्याला थोडक्यात आणि थेट बोलायची सवय ज्यांनी लावली, त्यांत या निनावी लेखकांनाही मी धरतो.

एक मोठी गोष्ट मात्र या व्यवहारातून गळून पडली. वैद्य नाडी पाही, जीभ पाही, प्रकृती विचारी, पथ्य सांगे. मधाबरोबर घ्यायचे की तुपाबरोबर, हे माणूस बघून ठरे. बाटली सगळ्यांसाठी एकच आणि अनुपान छापील चिठ्ठीवर. ज्याच्या गावी वैद्यही नव्हता आणि डॉक्टरही नव्हता, त्याला ही चिठ्ठी आधार वाटली तर त्याला दोष देता येत नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला. सरकारी तपासणी पथकांची आणि टोचण्याची लोकांना भीती वाटत होती. प्लेगवर उतारा असल्याचे सांगणाऱ्या औषधांना तेव्हा गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागले नाही.

या गर्दीत सगळे एका माळेचे मणी नव्हते. कृष्णशास्त्री पुराणिकांनी 1872 मध्ये पनवेलला धूतपापेश्वर कारखाना काढला आणि ग्रंथांत सांगितलेली औषधे मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली. जामनगरच्या झंडू भट्टजींचे नाव घेऊन जुगतराम वैद्यांनी 1910 मध्ये झंडूचा कारखाना उभा केला. ग्रंथोक्त आसव-अरिष्टांचा पाठ जाणकाराला पडताळून पाहता येई. पण त्याच पानावर शेजारी ज्याची कृती गुप्त आहे असे ‘रामबाण’ औषध छापलेले असे, त्याच टायपात, तितक्याच ठामपणे. वाचणाऱ्याने दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? छापखान्याच्या शाईने दोघांना सारखी पत दिली, आणि या सगळ्या व्यवहारातला खरा अपाय मला तोच वाटतो.

हे तंत्र विलायतेहून आले होते. टॉमस हॉलोवेने 1837 पासून आपल्या गोळ्या आणि मलम जाहिरातींच्या जोरावर जगभर खपवले. बीचम्सच्या गोळ्यांचे 1909 मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने पृथक्करण करून घेतले, तेव्हा त्यांत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. एका शिलिंगाहून महाग डबीतला माल अर्ध्या फार्दिंगचा होता. ही माहिती छापणाऱ्या ‘सीक्रेट रेमेडीज’ या पुस्तकाची जाहिरात घ्यायला तिथल्या अनेक वर्तमानपत्रांनी नकार दिला. पोट ज्याच्यावर चालते त्याच्याविरुद्ध कोण छापणार?

शिकलेल्या डॉक्टरांचे काय? त्यांनी स्वतःची जाहिरात करणे ब्रिटनच्या मेडिकल कौन्सिलच्या लेखी गैरवर्तन होते. 1912 च्या मुंबई मेडिकल कायद्याने इथेही डॉक्टरांची नोंदवही झाली आणि तोच दंडक नोंदलेल्यांवर आला. नियमामागचा हेतू चांगलाच होता. पण वर्तमानपत्रात आरोग्याविषयी बोलायचा हक्क त्यामुळे बव्हंशी त्यांच्याकडे गेला, ज्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. ज्याला कळत होते त्याच्या तोंडाला कुलूप बसले. हा तोटा रोग्यांनी सोसला.

आता दुसरी बाजू. काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलूंनी 1893 मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केले. डोके दुखले की कपाळाला चोळायचा तो पिवळा बाम. संगीताच्या बैठकींत त्याच्या डब्या फुकट वाटून त्यांनी त्याचे नाव लोकांच्या तोंडी केले, असे सांगतात. त्याच पैशातून त्यांनी 1908 मध्ये मुंबईतूनच ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक काढले. पुढे 1914 मध्ये मद्रासला त्याचे दैनिक झाले. स्वातंत्र्याच्या चळवळीत या पत्राने मोठे काम केले. तेव्हा औषधाचा पैसा आणि देशी वर्तमानपत्र हे नाते नुसते लाजिरवाणे नव्हते. वर्गणीवर पत्र जगत नसे, सरकारची मर्जी नसे, मग कागदाचे बिल भागवायचे कोणी? गांधीजींनी ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’त जाहिराती घेतल्या नाहीत, पण तो निग्रह पेलण्याइतका वाचकवर्ग सगळ्यांकडे नव्हता.

तरी एक प्रकार मला कधीच माफ करता येत नाही. धातुदौर्बल्य, वांझपण, गुप्तरोग. ज्या दुखण्याचे नाव घरात काढता येत नव्हते, त्याच्यावरच या रकान्यांची सर्वांत जास्त कमाई होती. तरुणांना आधी भीती घालायची, मग बंद पाकिटातून औषध पाठवायचे. शरमेने गप्प बसलेला माणूस फसला तरी तक्रार करत नाही, हे विकणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

1930 मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. बाजारातल्या भेसळीवर आणि गुप्त औषधांवर तिने बोट ठेवले. त्यावरून ड्रग्ज ॲक्ट आला तो 1940 मध्ये, आणि आयुर्वेदीय व युनानी औषधे त्याच्या कक्षेत यायला 1964 उजाडले. जाहिरातींना लगाम घालणारा कायदा 1954 चा. हमदर्द दवाखान्याने त्याला आव्हान दिले. डिसेंबर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला थोडा भाग रद्द केला, पण अशी जाहिरात म्हणजे व्यापार आहे, भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली तिला संरक्षण मागता येणार नाही, असे बजावले. त्या कायद्याच्या परिशिष्टात ज्यांच्यावर औषधाची जाहिरात करता येत नाही असे विकार दिले आहेत: अंधत्व, बहिरेपणा, मधुमेह, अपस्मार, कुष्ठ, कर्करोग, पक्षाघात, नपुंसकत्व, स्त्रियांचे वंध्यत्व, माणसाची उंचीसुद्धा. यांतली कितीतरी नावे व्ही. पी.च्या जाहिरातींत आधीच छापून झालेली होती.