प्रोसेसर कुठला घेऊ, दादा?



आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुचलाय. चंद्रपूरचा एक मित्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, सध्या दुसऱ्याच्या स्टुडिओत बसून. त्याला आता स्वतःचा पीसी बांधायचाय. दोन सीझन राबून त्यानं ७० हजार साठवलेत. तो म्हणतो, "दादा, दुकानदार म्हणतोय आय-९ घे, दहा वर्षं बघायला नको. एक जण आय-७ चा अख्खा जुना पीसी स्वस्तात देतोय. आणि मित्र म्हणतात, रायझनशिवाय काही घेऊच नको. प्रोसेसर कुठला घेऊ?"

भावा, तिघांनीही तुला नाव सांगितलं. तुझं काम कुठे अडतं, हे एकानंही विचारलं नाही. मी तेच विचारलं. म्हटलं, उद्या स्टुडिओत काम करताना कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाब, टास्क मॅनेजर उघड आणि परफॉर्मन्सच्या पानावर बघ, अडकतं तेव्हा शंभर टक्क्यांना काय टेकतं. (तुम्हीही हे करून बघा. स्वतःचा पीसी नसेल तर मित्राच्या पीसीवर, पण काम मात्र तुमचंच.)

त्याचं उत्तर थांबूया जरा. आधी 'कोअर' हे प्रकरण समजून घेऊ, कारण दुकानात सगळ्यात जास्त तेच ऐकवतात. लग्नाची पंगत डोळ्यासमोर आणा. वाढपी चार होते, आठ केले, की वाढणं पटापट उरकतं. पण मंगलाष्टकं म्हणायला आठ भटजी आणले म्हणून मुहूर्त काही लवकर संपत नाही! व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं, थ्रीडी रेंडर करणं ही पंगतीची कामं. जितके कोअर तितका वेग. गेममध्ये मंगलाष्टकांचा भाग मोठा असतो. तिथे एकेक कोअर किती चपळ आहे आणि त्याच्याजवळ कॅश मेमरी किती आहे, हे जास्त महत्त्वाचं. म्हणून तर रायझन ७ ७८००एक्स३डी हा फक्त ८ कोअरचा प्रोसेसर, ९६ एमबी एल-३ कॅशच्या जोरावर, गेमिंगमध्ये दुप्पट कोअरवाल्यांना भारी पडला.

इंटेलचे कोअर मोजताना अजून एक गोष्ट बघा. आय-५ १४४०० च्या खोक्यावर १० कोअर लिहिलेलं असतं. त्यातले ६ मोठे, ४ लहान. लहान म्हणजे वाईट असं नाही, हाताखालची कामं तेच उरकतात. पण १० म्हणजे सारख्या ताकदीचे १० नव्हेत.

आता तो जुना आय-७. मी त्याला मॉडेल नंबर विचारायला लावला. निघाला आय-७ ४७७०. हा २०१३ चा प्रोसेसर आहे, ४ कोअर, ८ थ्रेड. २०२२ मध्ये आलेल्या साध्या आय-३ १२१०० लाही ४ कोअर, ८ थ्रेडच आहेत, आणि तो या आय-७ ला आरामात मागे टाकतो. आय-३, आय-५, आय-७ ही त्या त्या वर्षाच्या घरातली भावंडं. २०१३ चा थोरला आणि २०२२ चा धाकटा यांची तुलना नावावरून होतच नाही. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या पीसीवर ग्राहकांच्या लग्नाच्या फायली ठेवायच्या? नको रे बाबा.

बरं, आता त्याचं उत्तर. त्यानं दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट पाठवले. एक्स्पोर्ट ठीक होतं. अडकत होतं ते टाइमलाइन पुढेमागे सरकवताना. तेव्हा प्रोसेसर शंभर टक्के, आणि ग्राफिक्सचा 'व्हिडिओ डीकोड' हा आलेख जवळजवळ शून्यावर. मी कॅमेऱ्याच्या फायलीची माहिती मागवली: एच.२६५, १०-बिट, ४:२:२. हेच तर दुखणं!

कसं ते सांगतो. एच.२६५ मध्ये व्हिडिओ घट्ट दाबून भरलेला असतो. तो उलगडायला चिपमध्ये वेगळी छोटी यंत्रणा असते, ती असली की प्रोसेसरला घाम फुटत नाही. पण ४:२:२ हा प्रकार सगळ्यांनाच उलगडता येत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ते आरटीएक्स ५० मालिकेपासून आलं. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मात्र ते अकराव्या पिढीपासून जमतंय, त्याला क्विक सिंक म्हणतात, आणि प्रीमिअरसारखी सॉफ्टवेअर ते वापरतात. म्हणजे या कामाला स्वतःचं ग्राफिक्स असलेला आय-५ हा, ते नसलेल्या महागड्या प्रोसेसरपेक्षा टाइमलाइनवर जास्त सुखाचा.

इथेच ते एक अक्षर येतं. एफ. आय-५ १४४०० आणि आय-५ १४४००एफ यांत फरक एवढाच की एफवाल्यात ग्राफिक्स बंद असतं. म्हणजे क्विक सिंकही गेलं. तो थोडा स्वस्त मिळतो, आणि दुकानदार बहुतेक वेळा तोच हातात ठेवतो. माझा अनुभव सांगू? माझ्या पहिल्या बिल्डमध्ये आईच्या भिशीचे पैसे होते. मी हजारभर रुपये वाचवायला एफ घेतला, फार हुशार असल्यासारखा. आठ महिन्यांनी ग्राफिक्स कार्ड बिघडलं, वॉरंटीत गेलं, आणि तीन आठवडे पीसी टेबलावर नुसता शोभेला. स्क्रीनला वायर जोडायला जागा होती, पण त्यातून चित्र येणार कुठून? आई रोज विचारायची, "सुरू झाला का रे तुझा तो डबा?"

म्हणून चंद्रपूरच्या भावाला मी सांगितलं: आय-५ १४४००, एफ नसलेला. बजेट ताणलं गेलं तर १२४००, तोही एफ नसलेला. बी७६० चा बोर्ड, आणि उरलेले पैसे ३२ जीबी रॅम आणि चांगल्या एसएसडीत. रॅमच्या किमती २०२५ च्या शेवटी भडकल्यात, त्यामुळे डीडीआर४ चालणारा बोर्ड मिळाला तर तो बघ. ग्राफिक्स कार्ड पुढच्या सीझनला.

आय-९ का नको? १४९००के जोरात चालला की २५३ वॅटपर्यंत वीज खाऊ शकतो, १४४०० ची मर्यादा १४८. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि याच्या खोलीत एसी नाही. खोली जितकी तापेल तितकं चिपचं तापमानही वर सरकतं, मग ती स्वतःला वाचवायला वेग कमी करते. म्हणजे आय-९ चे पैसे मोजून दुपारी बारानंतर कमी वेग घ्यायचा.

या निवडीत एक तोटा आहे, तो लपवत नाही. हा एलजीए १७०० सॉकेट. त्यात इंटेलच्या १२, १३, १४ याच पिढ्या बसतात. २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० ला नवीन सॉकेट लागतो. पुढे वाढवायचं तर याच बोर्डवर आय-७ १४७०० पर्यंत जाता येईल, पण सेकंडहँड घेताना जपून. तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब होत होते, हे इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं, बायोसमधून दुरुस्ती दिली आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षं वाढवली. आधीच झालेलं नुकसान त्या दुरुस्तीनं भरून येत नाही. १४४०० त्या वाढीव वॉरंटीच्या यादीत नाही, तरी नवीन बोर्ड आला की आधी बायोस अपडेट करायचा.

आणि रायझनवाल्या मित्रांनो, रागावू नका. हाच प्रश्न कुणी गेमिंगसाठी विचारला असता तर मी रायझन ५ ७६०० सांगितला असता. ६ कोअर, ६५ वॅट, खोक्यात कूलर, आणि स्क्रीन लागण्यापुरतं ग्राफिक्सही. त्याचा एएम५ सॉकेट २०२२ चा. २०२४ ची ९००० मालिका त्याच बोर्डवर बसते. फक्त तिथे रॅम डीडीआर५ च लागते, तो खर्च आधीच धरा.

शेवटचं, दुकानातलं. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातल्या दुकानात, "बॉक्स की ट्रे?" हे विचाराच. ट्रे म्हणजे सुटा प्रोसेसर. त्याच्यासोबत कूलर येत नाही आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर असते. बॉक्सवर कंपनीची तीन वर्षं असते. खोक्यावरचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. भावानं काल बिलाचा फोटो पाठवलाय. १४४००, बॉक्स, एफ नाही. नंबरही लिहून घेतलाय.